कोन

आमच्या घरात 'ण' मी आणला. त्याआधी तो नव्हता. आई 'पानी' भरायची, बाबांना 'लोनी' सोसायचं नाही, आणि दारावर कुणी आलं की आतून 'कोन?' असा आवाज जायचा. तिसरीत असताना शाळेतल्या बाईंनी मला वर्गासमोर उभं करून 'पाणी, लोणी, कोण' असं दहा वेळा म्हणायला लावलं. वर्ग हसला. त्या संध्याकाळपासून मी घरातली 'ण'ची पोलीस झाले. आईचा शब्द चुकला की मी तिला तिथल्या तिथे अडवायची, मग तिचे हात परातीत का असेनात. ती बिचारी जीभ मागे वळवून 'पाणी' म्हणायची आणि पुढच्याच वाक्यात घसरायची. बाबांनी तेवढाही प्रयत्न केला नाही. "तुजा तुना, माजा मना," म्हणजे तुझं तुला नि माझं मला, एवढं बोलून ते टीव्हीकडे वळायचे. कॉलेजात जाईपर्यंत माझे कान इतके धुतले गेले होते की गावाकडचं कुणी बोलायला लागलं की मी आधी मनातल्या मनात त्याचं शुद्ध मराठी करून घ्यायची. याचा मला अभिमान होता. आता तो आठवला की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

हे सगळं गमतीनं सांगता आलं असतं. पण याच्या शेवटाला हसुराम नावाचा माणूस खाडीत बुडून मेला, आणि त्याच्या होडीवर जी बोट गेली तिच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, दिवा धरून मी बसले होते. दिवाही मीच बनवला होता. पोलिसांच्या कागदांत माझं नाव नाही. बाबांच्या धाकट्या भावानं, नथूकाकांनी, बोटीवर आपण एकटेच होतो असं लिहून दिलं. काका मागच्या वर्षी गेले, बाबा आणि आई त्यांच्याही आधी. लिहिल्यानं जिला त्रास होईल अशी आता एकटी मीच उरले आहे, म्हणून लिहिते.

तेव्हा आम्ही जुईनगरला पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. बाबा तळोज्याच्या एका कारखान्यात लेथवर होते. घरी आले की आधी दारातच मोजे झटकायचे, लोखंडाचा चुरा घरभर होऊ नये म्हणून, आणि तरी तो व्हायचाच. माझ्या वह्यांत, उशीच्या अभ्र्यात, एकदा तर भातात. रविवारी उरणकडच्या गावातून नथूकाका यायचे. ते आल्याचं आधी जिन्यातल्या वासावरून कळायचं आणि मग समोरच्या दाराच्या कडीवरून, कारण समोरच्या वहिनी काकांची पिशवी दिसली की दार लावून घ्यायच्या. पिशवीत चिंबोऱ्या असायच्या, खाडीतले खेकडे, जिवंत, नांग्या सुतळीनं बांधलेल्या. आई त्या मोरीतल्या बादलीत ओतायची, आणि वाटण होईपर्यंत त्यांची पत्र्यावरची खरखर घरभर ऐकू यायची. मग तांदळाची भाकरी, चिंबोरीचं लाल कालवण, बाजूला भाजलेलं सुकट. नांग्या फोडायला बाबा वरवंटा घेऊन बाल्कनीत बसायचे, कारण आत आवाज झाला की खालच्या मजल्यावरचे वर यायचे. सोसायटीच्या सभेत आमच्या वासाचा आणि आवाजाचा विषय दर वर्षी निघायचा आणि बाबा दर वर्षी माफी मागून यायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा वरवंटा घेऊन बसायचे. मला लाज वाटायची, पण कालवणाच्या वाटीपर्यंतच.

त्या चिंबोऱ्या काकांच्या नव्हत्या. काका इंजिनाच्या बोटीनं बाहेर मासळीला जायचे. चिंबोऱ्या हसुरामच्या. तो काकांचा गावातला शेजारी, वल्ह्याच्या छोट्या होडीतून खाडीच्या कडेकडेनं फिरणारा. लहानपणी मी एकदा नांगी मिळाली नाही म्हणून रडले होते, ते काकांनी त्याला सांगितलं असावं. तेव्हापासून मोठ्या नांगीच्या दोन चिंबोऱ्या वेगळ्या बांधून यायच्या, "हसुरामनं वनूसाठी धारल्यात" असं म्हणत काका त्या माझ्यापुढे नाचवायचे. मी त्या माणसाला सगळे मिळून तीनदा पाहिलं असेल. बारीक, काळाभोर, कमी बोलणारा. तो दारूला शिवत नसे, हे पुढं महत्त्वाचं होणार आहे म्हणून इथेच सांगून ठेवते.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा काकांना संध्याकाळचं कमी दिसायला लागलं. त्यातच खाडीत भराव पडत चालला होता. बोटी जायची पाण्याची वाट अरुंद आणि वाकडी झाली होती, आणि तिच्या कडेनं गावकऱ्यांनी बांबूचे खांब रोवून त्यांना चमकणारी पट्टी गुंडाळली होती. एका खांबापाशी पोचल्यावर पुढचा दिसला तर बोट गाळात रुतत नाही, एवढं साधं गणित. काकांना पुढचा दिसेना. "फुडचा खांब नाय दिसला तं बोट इकाय लागंल," ते एका रविवारी जेवता जेवता म्हणाले, कुणाकडेही न बघता. बाबांचा वरवंटा थांबला. मला प्रोजेक्टला विषय सापडत नव्हता आणि काकांचं तोंड बघवत नव्हतं, दोन्ही एकदमच. "मी दाखवते तुम्हाला पुढचा खांब," मी म्हणाले.

एलईडी वरून साधी दिसते. मी आणली होती तिचा उजेड देणारा भाग म्हणजे दोन मिलिमीटरचा एक पिवळा चौकोन. पण त्याचा उजेड समोरच्या सगळ्या दिशांना फाकतो, आणि तो गोळा करून एकाच दिशेला लावायचा तर भिंग लागतं. इथे निसर्ग हात आखडता घेतो. झोत जेवढा बारीक हवा, तेवढा उजेडाचा ठिपका लहान तरी हवा, नाहीतर भिंग मोठं आणि ठिपक्यापासून लांब तरी हवं. यातून पळवाट नाही. मी महिनाभर पळवाट शोधली. बाजारात मिळणारी प्लास्टिकची छोटी भिंगं लावून पाहिली. मधे झोत पडायचा, पण भोवती फिक्या उजेडाचं मोठं कडं. खाडीवर धुकं असतं, आणि धुक्यात ते कडंच परत डोळ्यांवर येतं, पुढचं काही दिसत नाही. बाबा त्याला सांडलेला उजेड म्हणायचे. तो शब्द मी उचलला आणि त्या उजेडाशी वैर धरलं. एक थेंब सांडता कामा नये, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

शेवटी एका जुन्या प्रोजेक्टरचं तळहाताएवढं काचेचं भिंग मिळालं. बाबांनी जेवणाच्या सुट्टीत ॲल्युमिनियमची नळी कातून दिली. नळीला त्यांनी तिरकी खाच पाडली आणि बाहेरून एक रिंग बसवली. रिंगला अर्धा फेरा दिला की भिंग खाचेतून पुढे सरकून नेमकं जागेवर येई. रिंग मोकळी असली की उजेड बोटीपुढे चांगला ऐसपैस पसरायचा, पण जवळच संपायचा. रिंग आवळली की दीडेक अंशाचा झोत, काठीसारखा सरळ. नळीच्या आतून मी काळ्या रंगाचे दोन हात दिले, म्हणजे भिंग चुकवून बाहेर जाऊ पाहणारा उजेड तिथेच मरेल. रविवारी कारखाना बंद असताना बाबांनी साहेबांची परवानगी काढली आणि भर दुपारी आम्ही शेडची शटर खाली ओढून आत अंधार केला. एका टोकाला मी, दोनशे फुटांवरच्या भिंतीपाशी बाबा. मी रिंग आवळली आणि भिंतीवर तीन हात रुंद चौकोन उमटला, एलईडीचंच मोठं केलेलं चित्र, तिच्यावरच्या केसाएवढ्या तारांसकट. कडा सुरीनं कापल्यासारख्या. बाबा कुठे दिसेनात. "बाबा, कुठे आहात?" मी ओरडले. "हतंच हाय ना, चौकोनाच्या बाजूला," ते म्हणाले. झोतापासून वीतभर अंतरावर उभा असलेला माझा बाप मला दिसत नव्हता, आणि मी आनंदानं टाळ्या वाजवल्या. सांडलेला उजेड शून्य. पुढे नावड्याच्या नाक्यावर बाबांनी मला उसाचा रस पाजला.

एक अडचण उरली होती. काका मागे सुकाणूवर, दिवा पुढे नाळेवर, आणि मधे इंजिन. खांब जवळ आला की काकांनी ओरडून सांगायचं आणि पुढच्यानं रिंग आवळायची, म्हणजे लांबचा पुढचा खांब दिसेल. ओरडायला एकच छोटा शब्द हवा. आधी 'लांब' ठरला. दिवसाउजेडी बाबांना नाळेवर बसवून काकांनी रंगीत तालीम केली. काका "लांब" ओरडले, बाबांना इंजिनाच्या आवाजात "थांब" ऐकू आलं आणि त्यांनी सरळ नांगर टाकला. दोघे भाऊ त्यावरून आठवडाभर भांडत होते. मग शब्द मी दिला. कोन. झोताचा कोन आवळायचा, म्हणून कोन. भूमितीतला शब्द, दोन अक्षरं, दुसऱ्या कशाशी घोटाळा नाही, असं मी अगदी पटवून सांगितलं. काकांनी बाल्कनीत जाऊन एकदा मोठ्यानं "कोन" ओरडून बघितलं. स्वयंपाकघरातून आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि दार उघडून उभी राहिली. बाहेर कुणी नाही. समोरच्या वहिनींनी दाराच्या फटीतून पाहिलं. आम्ही तिघं पोट धरून हसत होतो.

"अगो, कोन म्हंजे कोन?" आईनं विचारलं.

"कोन म्हणजे अँगल, आई," मी म्हणाले. "तू म्हणतेस तो कोण. ण. पाण्यातला ण."

आई "कोण" म्हणाली, मग पुन्हा एकदा "कोण" म्हणाली, आणि परत भाकऱ्यांकडे गेली. त्या घरात चार माणसं होती आणि त्यातली तिघं खाडीवर जन्मलेली. एकाच्याही डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी मी ते खोडून काढलं असतं, मला माझी खात्री आहे.

काकांच्या नाळेवर बसणारा गडी त्याच सुमाराला कंटेनर यार्डात कामाला लागला होता, आणि बाबांची दुपारपाळी होती. दिवा बोटीवर बसवून खरी चाचणी घ्यायची तर मीच जायला हवं होतं. काका तयार नव्हते. "बायमानूस बोटीवर चरत नाय, वनू. लोक बोलतान," ते म्हणाले. मी त्यांना दोन रविवार सोडलं नाही. बायकांनी सुकवलेली मासळी चालते, बायकांनी विणलेलं जाळं चालतं, बाई बोटीवर चढलेली चालत नाही का, वगैरे. माझं म्हणणं खरंच होतं आणि आजही मी ते तसंच मांडेन. शेवटी काकांनी मान हलवली, पटलं म्हणून की डोळ्यांची गरज होती म्हणून, कोण जाणे. धक्क्यावरून सगळ्यांसमोर चढू नको, बंधाऱ्याकडून ये, एवढी एक अट घातली.

थंडीचे दिवस होते, दिवेलागणीची वेळ, पाण्यावर पातळ धुकं. इंजिनाच्या धडधडीनं पायाखालची फळी हालत होती. पहिले दोन खांब आम्ही मोकळ्या रिंगवर पार केले, कारण ते जवळजवळ होते. मी रिंगवर हात ठेवून काकांच्या आवाजाची वाट बघत होते. परीक्षेत घंटेची वाट बघतात तशी, सगळं येत असल्यासारखी. आणि आवाज आला. कोन. आधीचं किंवा नंतरचं काही असेल तर ते इंजिनानं खाल्लं. मला तेवढी दोन अक्षरं ऐकू आली. मी रिंग आवळली. बोटीपुढे पसरलेला उजेड एका क्षणात गोळा झाला, आणि पार पुढे, मला वाटलं होतं त्याहून लांब, खांबावरची पट्टी लखलखली. मी हसले. खरंच मोठ्यानं हसले. तेवढ्यात नाळेखाली लाकडाचा आवाज झाला. मोठा नव्हता. बाल्कनीत बाबा वरवंट्यानं नांगी फोडायचे, तेवढाच.

काकांनी इंजिन बंद केलं. मी रिंग मोकळी केली तेव्हा उजेडात एक वल्हं तरंगताना दिसलं आणि वेताची एक टोपली, झाकण बांधलेली. काकांनी अंगावरच्या कपड्यांसकट उडी घेतली. वर आले, पुन्हा बुडी मारली, पुन्हा वर आले. मी नुसती दिवा धरून होते. तिसऱ्यांदा वर आल्यावर ते बोटीची कड धरून राहिले आणि म्हणाले, "हसुरामची होरी." त्यांचे दात वाजत होते. मग त्यांनी मला दिव्यासकट बंधाऱ्यावर उतरवलं. "घरी जा. तू नव्हतीस," एवढंच बोलून ते माणसं गोळा करायला धक्क्याकडे गेले. हसुराम दुसऱ्या दिवशी ओहोटीला गाळात सापडला. मी घरी कशी पोचले, काय सांगितलं, ते मला आजही नीट आठवत नाही. आईनं माझे पाय धुतले, ते आठवतं.

काकांवर गुन्हा दाखल झाला आणि बोट धक्क्याला बांधून ठेवण्यात आली. दहाव्याला आई आणि मी गावात गेलो. मला बंधाऱ्यावर चढताना कुणीतरी पाहिलेलं होतंच. पोलिसांना कुणी सांगितलं नाही, गावाची ती रीत नाही, पण बायकांच्या घोळक्यात विषय निघाला. बायमानूस चरली म्हनून झाला, असं एक म्हातारी माझ्यादेखत म्हणाली. आणि मी भांडले. मेलेल्या माणसाच्या दारात उभी राहून मी त्या बायकांना अंधश्रद्धेवर दहा मिनिटं सुनावलं. परत येताना मला रडू येत होतं, आणि त्या रडण्यात कुठंतरी हलकंही वाटत होतं, कारण माझ्यावर ठेवलेला आरोप खोटा होता आणि मी तो परतवला होता. तिथेच एक दुसरं वाक्यही कानावर पडलं होतं. "हसुराम पिऊन झोपला आसंल. नायतं आवाज दिला आसता. खारीचा जुना मानूस त्यो." हसुरामची बायको, बायजाकाकी, भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "त्यो पेत नव्हता." मला त्या 'आवाज दिला आसता'चा अर्थ लागला नव्हता. आवाज देण्याचा काय संबंध, असं वाटून मी ते सोडून दिलं.

पुढच्या रविवारी काका आले, रिकाम्या हातांनी. समोरच्या दाराची कडी वाजली नाही. आईनं डाळभात वाढला. काकांनी दोन घास खाल्ले आणि ताटात बोट फिरवत विचारलं, "तू रिंग का फिरवलीस, वनू?"

"तुम्हीच म्हणालात. कोन."

"मी कवा बोललो?" त्यांनी वर पाहिलं. "मी तं वाट बघत होतो, तिसरा खांब जवल येऊ दे म्हनून."

"मला ऐकू आलं, काका. स्पष्ट."

काका बाबांकडे बघायला लागले आणि बाबा ताटाकडे. आई ओट्यापाशी होती. तिच्या हातात पातेल्याचं झाकण होतं, ते तिनं फार हळू खाली ठेवलं, आवाज होऊ नये असं.

"अगो बाय," ती म्हणाली, "त्यानं इचारला आसंल. कोन म्हनून."

मग मला सगळं सांगण्यात आलं, आळीपाळीनं, तिघांकडून, जणू मी बाहेरगावची पाहुणी होते. खाडीवर लहान होडीत दिवा नसतो. इंजिनाचा आवाज जवळ आला की होडीवाला हाक देतो, कोन? येणाऱ्या बोटीच्या नाळेवर बसलेल्यानं आपलं नाव सांगायचं, बापाचं नाव सांगायचं, आणि मागे हात करून इंजिन मंद करवायचं. मागच्याला इंजिनापाशी काही ऐकू येत नाही; नाळेवर माणूस बसवतात तो त्यासाठीच. आजोबांच्या वेळेपासून असं आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण हे कुणाला सांगावं लागतं असं त्यांना वाटलंच नव्हतं. आमच्या घराच्या दारावर माझी आई जे रोज विचारायची तेच त्या माणसानं पाण्यावरून विचारलं होतं. इंजिनाच्या धडधडीत आवाज पुढून आला की मागून हे मला कळलं नव्हतं; मी ते भूमितीत ऐकलं आणि त्याच्यावरचा उजेड काढून घेतला. रिंग मोकळी राहिली असती तर तो दिसला असता का, हे मी पुढे अनेकदा कागदावर मांडून पाहिलं आहे. दिसला असता.

बाबा हात धुवून आले आणि माझ्यासमोर बसले. "ह्ये कोनाला बोलू नको," ते म्हणाले. काकांनीही तेच सांगितलं. जबाब दिलेला आहे, बोट काय आज ना उद्या जाणारच होती, पोरीचं शेवटचं वर्ष आहे. आईनं ताटं उचलली. त्या दिवसानंतर मी तिला कधीही 'ण' शिकवला नाही, आणि ती मात्र माझ्यासमोर उगाच जपून, तोंड वाकडं करून 'पाणी' म्हणत राहिली, शेवटपर्यंत. दवाखान्यातही तिनं 'पाणी' मागितलं. त्यानं मला जेवढं रडवलं तेवढं दुसऱ्या कशानं नाही.

प्रोजेक्टला मी पहिली आले. दुसरा दिवा जोडायची हिंमत नव्हती, म्हणून तोच घेऊन गेले. नळीवर खारट पाण्याचे डाग होते, ते स्पिरिटनं पुसले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पडदे ओढायला लावले, लांबच्या भिंतीवरचा चौकोन पाहिला आणि बाजूचा अंधारही पाहिला. "स्पिल जवळजवळ नाहीच. सुंदर," ते म्हणाले. स्पिल म्हणजे तोच सांडलेला उजेड. सरांनी माझ्या पाठीवर थाप दिली. मी दिवा विझवला. गेली कित्येक वर्षं मी गाड्यांचे आणि रस्त्यांचे दिवे करते आहे, त्याच शिक्षणावर. कंपनीतली नवी मुलं मला हसतात, कारण मी प्रत्येक झोताच्या कडेला थोडा उजेड सांडू देते आणि त्यावरून वाद घालते. कारण विचारलं तर रस्त्याच्या कडेनं माणसं चालतात, एवढंच सांगते.

हसुरामला जाऊन वर्ष होत आलं होतं. काकांनी बोट देऊन टाकली आणि उरणला एका गोदामाच्या फाटकावर बसायला लागले. एकदा त्यांना डबा द्यायला गेले तेव्हा त्यांनी सहज सांगितलं की हसुरामच्या मोठ्या पोरानं खाडी सोडली. पोरं त्याला 'झोपलेल्याचा' म्हणतात. धक्क्यावर गेला की कुणीतरी घोरल्याचा आवाज काढतं. म्हणून तो आता कुठं लांब ट्रकवर असतो. काका हे सांगताना फाटकाबाहेर बघत होते. हसुरामनं आवाज दिला होता हे जगात चार माणसांना माहीत होतं, आणि ती चारही एकाच घरातली होती. चौघांनी मिळून मला वाचवलं होतं आणि त्या माणसाला बेवडा ठरवलं होतं. मी डब्याचं झाकण लावलं आणि घरी जाणारी बस सोडून गावाकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले.

बायजाकाकीचं घर काकांच्या घराला लागूनच. दुपार टळत आली होती. दार लोटलेलं होतं आणि आत सुपाचा आवाज येत होता, कुणीतरी तांदूळ पाखडत होतं. मी कडी वाजवली. सूप थांबलं.

"कोन?"

काय उत्तर द्यायचं असतं ते आता मला माहीत होतं. आधी आपलं नाव, मग बापाचं.

"वनिता," मी म्हणाले. "भास्करची पोर." थांबले असते तर परत फिरले असते, म्हणून पुढचंही दाराशीच बोलले. "काकी, त्या दिवशी बोटीच्या नाळेला मी होते. हसुरामकाका झोपले नव्हते. त्यांनी आवाज दिला होता. कोन म्हणून विचारलं होतं त्यांनी. मी ऐकलं."

मग दार उघडलं. बायजाकाकीच्या हाताला तांदळाची धूळ लागलेली होती. ती माझ्याकडे नाही, माझ्या मागे कुठंतरी बघत होती. "आवाज दिलता त्यानं," ती म्हणाली. "मना ठाव होता." तिनं ते पुन्हा एकदा म्हटलं, घरात आणखी कुणी असावं आणि त्याला ऐकू जावं असं. मग तिची नजर माझ्यावर आली. तिच्या आवाजात राग नव्हता. काही हरवलेलं शोधताना विचारतात तसं तिनं विचारलं.

"मंग तू का नाय बोललीस?"

ती त्या संध्याकाळचं विचारत होती की नंतरच्या वर्षाचं, मला कळलं नाही. मग आत जाऊन ती पुन्हा सुपापुढे बसली आणि पाखडायला लागली. दार तिनं लावलं नव्हतं. मी उंबऱ्याबाहेर उभी होते.